‘चालू ठेवण्यात आलं’

३ फेब्रुवारी

आत्या,

बाबा म्हणाले, आत्याचं कानातलं यंत्र हल्ली फोनवर नुसतं किंचाळतं, तेव्हा तिला काही विचारायचं असेल तर पत्र लिही. म्हणून लिहितेय. शाळा सुटल्यापासून एवढं लांब पत्र मी कुणाला लिहिलेलं नाही. चुका काढू नकोस. काढशीलच म्हणा.

मला भाषण करायचंय. आधी हसून घे.

तुला ठाऊक आहे, मी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत आहे. दोन वर्षांपासून सकाळच्या पाळीची प्रमुख. हाताखाली तेराजणी. ९ जानेवारीला आमच्या मामीचा हात रोलरमध्ये गेला. मामी कुणाचीच मामी नाही, पण सगळी लॉन्ड्री तिला मामीच म्हणते, साहेबसुद्धा. बावीस वर्षं झाली तिला इथे. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

रोलर म्हणजे ओल्या चादरी वाळवून इस्त्री करणारं मोठं यंत्र. पुढून दोघींनी चादर ताणून आत सोडायची, मागून ती कडक होऊन बाहेर येते. त्याच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. तिला हात लागला की रोलर जागच्या जागी थांबतो. मामी म्हणते, हात दांडीला लागला होता, पण रोलर थांबला नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या लोकांनी येऊन दांडी तपासली. दहा वेळा दाबली, दहाही वेळा रोलर थांबला. मग त्यांनी कागदावर लिहिलं, ‘कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा’. म्हणजे मामीला भरपाई नाही, आणि हात बरा झाला तरी नोकरी नाही.

२८ मार्चला चौकशी समिती बसणार आहे. बाहेरची पाच माणसं. आमच्यातल्या एकीला बोलायची परवानगी आहे, आणि सगळ्यांनी एका सुरात माझं नाव घेतलं. कारण काय, तर कपडे बदलायच्या खोलीत मी साहेबांची नक्कल फर्मास करते! पण तिथे आम्ही आम्हीच असतो. मागच्या वर्षी एकीच्या निरोपाला मला दोन शब्द बोलायला उभं केलं, तर मी ‘मी’ म्हणाले. मग परत ‘मी’ म्हणाले. मग खाली बसले, तीही शेजारणीच्या मांडीवर.

तू चौतीस वर्षं सभागृहात आणि कोर्टात बसून मोठमोठ्यांची भाषणं लघुलिपीत उतरवून घेतलीस. ते लोक कसं बोलायचे ते मला शिकव. आठ आठवडे आहेत.

तुझी,
भिंगरी


९ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र मिळालं. सात चुका आहेत, सांगत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे मी स्वतः कधी चार माणसांपुढे बोललेली नाही. माझी जागा नेहमी खाली, व्यासपीठाच्या पायथ्याशी, पाठ भिंतीला. पण तिथून वक्ता जितका दिसतो तितका पहिल्या रांगेतूनही दिसत नाही. बुटांपासून दिसतो.

आमच्या कोर्टात एक नामांकित वकील यायचे. त्यांना आम्ही कुजबुजे म्हणायचो. बाकीचे वकील मुद्दा आला की आवाज चढवायचे, हे मुद्दा आला की आवाज खाली आणायचे. सगळं कोर्ट पुढे वाकायचं. पंखा बंद करा, असं खुद्द न्यायाधीशांना म्हणताना मी ऐकलंय. एकदा जिन्यात मी धीर करून विचारलं, “हे तुम्ही मुद्दाम करता?” म्हणाले, “बाई, ओरडणाऱ्यापासून माणूस मागे सरकतो. मला त्यांना जवळ बोलवायचं असतं.”

दुसरी, रेडिओवर बातम्या देणारी एक बाई. घराघरांत ओळखीचा आवाज. सभागृहात मानपत्र वाचायला आली होती. मी म्हटलं, “एवढ्या हजारो लोकांपुढे कसं वाचता हो?” ती म्हणाली, “हजारोंपुढे मी कधीच वाचत नाही. माझी थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली आहे. रोज मी तिला एकटीला वाचून दाखवते, बाकीचे आपलं ऐकतात.” तर तुझा एक माणूस ठरव.

तिसरा एक नट. नाटकाला गर्दी लोटायची. त्यांचा सत्कार होता आणि मी पडद्यामागे माझी पेन्सिल तासत होते. बघते तर या गृहस्थांचे दोन्ही हात लटलट कापताहेत. माझं लक्ष गेलेलं पाहून म्हणाले, “चाळीस वर्षं कापतायत. कापणं थांबत नाही, त्याला काम द्यावं लागतं.” आणि मंचावर जाऊन आधी माइक उचलून वीतभर पुढे ठेवला. काही गरज नव्हती. हाताला काम दिलं, बस.

चौथा आमच्या सभागृहातला एक सभासद. त्याचं नाव नगारा. दोन तास बोलायचा, टाळ्यांचा कडकडाट. मी रात्री नक्कल उतरवायला बसले की पानभर मजकुरात सांगितलेलं असं काही सापडायचं नाही. नुसतं ‘वस्तुतः’, ‘किंबहुना’, ‘या निमित्ताने’. माझी पेन्सिल त्याच्यामागे धावून धावून दमायची. खरं सांगणाऱ्याच्या मागे धावावं लागत नाही. तो मध्ये मध्ये थांबतो, कारण त्याला आठवावं लागतं.

आता काम. रोज अर्धा तास मोठ्याने बोल, उभं राहून. तोंडपाठ करू नकोस. काय बोलणार ते लिहून मला पाठव. आणि तुमच्या गावात कुणी बोलून पोट भरणारं चांगलं माणूस येत असेल तर जाऊन ऐक.

आत्या


१७ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. ‘बुटांपासून दिसतो’ला फार हसल्या. साहेबांचे बूट आता सगळ्या बघतात.

अर्धा तास रोज चालू आहे. यंत्रांचा आवाज असतो म्हणून मी मोठ्या धुलाई-यंत्रासमोर उभी राहून बोलते. त्याला गोल काचेचं दार आहे, त्यात आपलं तोंड दिसतं आणि मागे कपडे फिरत असतात. समितीच्या पाच माणसांपेक्षा ते बरं, निदान मान डोलावतं. घरी नवऱ्याला समोर बसवते. तो पहिल्या तीन मिनिटांत झोपतो. म्हणतो, “झोपलो नव्हतो, डोळे मिटून ऐकत होतो.” चांगला आहे गं, दिवसभर गाडी चालवून येतो.

आणि ऐक! इथल्या थिएटरात ती एकपात्री करणारी बाई आली होती. नाव सगळ्यांना माहीत आहे. आम्ही वरच्या, कोपऱ्यातल्या जागा काढल्या. दोन तास ती एकटी, एक खुर्ची आणि एक शाल. अकरा माणसं झाली ती, आत्या. म्हातारा झाली तेव्हा शाल नुसती खांद्यावरून गुडघ्यावर घेतली, आणि खरंच म्हातारा दिसला मला.

संपल्यावर मी मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. नवरा म्हणत होता, “चल गं, ती कशाला भेटतेय.” तर तिने आत बोलावलं! मेकअप अर्धा पुसलेला, केळं खात होती. मी भडाभडा सगळं सांगितलं, लॉन्ड्री, मामी, समिती. ती म्हणाली, “भीती वाटते? मलाही वाटते. आजसुद्धा वाटली.” मग म्हणाली, “मी एकच बघते. मला यांना काहीतरी सांगायचंय, की मला यांच्यापुढे चांगलं दिसायचंय? चांगलं दिसायचं असलं की माझी जीभ अडकते. दर वेळी.”

मला वाटलं ती मला विचारतेय. काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी म्हटलं, “तुमची शाल छान आहे.” आणि निघाले.

सोबत माझं भाषण जोडलंय. मामीच्या बावीस वर्षांबद्दल चांगलं लिहिलंय असं मला वाटतं. कळव.

तुझी,
भिंगरी


२२ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझा मसुदा तीनदा वाचला. मामी मला दिसली. नव्या मुलीला पहिल्या दिवशी स्वतःचे हातमोजे काढून देते आणि ‘मला गरम लागत नाही’ म्हणते, ते वाक्य जसंच्या तसं ठेव. ‘सेवाभावी वृत्तीची मूर्तिमंत प्रतिमा’ काढून टाक. ती नगाऱ्याची.

आता दुसरं. चौतीस वर्षांत माझ्या हाताला एक खोड लागली, ती सांगते. माणूस काही झाकायला लागला की त्याची वाक्यं बदलतात. ‘मी केलं’, ‘आम्ही गेलो’, ‘तो म्हणाला’ असं सरळ चाललेलं असतं, आणि मध्येच एखादं ‘करण्यात आलं’ येतं. रस्ता बंद करण्यात आला. कागद हलवण्यात आले. कुणी? वाक्यात माणूसच नसतो. अशा जागी मी समासात एक बारीक टिंब द्यायची, माझ्यापुरतं. पुढे उलटतपासणीत बहुतेक वेळा तिथेच पाणी मुरलेलं निघायचं.

तुझ्या साडेचार पानांत सगळीकडे ‘मी’ आहे आणि ‘आम्ही’ आहे. सव्वादहाला मामी घड्या घालत होती, तेही आहे. पण त्याआधी हे आहे: ‘दहा वाजता यंत्र चालू ठेवण्यात आलं.’

कुणी ठेवलं?

मला वाटतं, मला कळलंय. तुमच्या त्या साहेबांना तू वाचवते आहेस. त्यांनी काहीतरी सांगितलं, त्या दांडीचं काहीतरी केलं, आणि नोकरीच्या भीतीने तुम्ही सगळ्या गप्प आहात. भिंगरे, मामी म्हणते हात दांडीला लागला होता. बावीस वर्षं काम केलेल्या बाईला दांडी आणि हवा यातला फरक कळतो. साहेबांचं नाव घे. मऊ आवाजात घे, पण घे. कुणाला तरी वाचवायला उभं राहायचं आणि दुसऱ्याला झाकायचं, हे एका तोंडाने होत नाही. आवाज फाटतो.

उत्तर लवकर पाठव.

आत्या


१२ मार्च

आत्या,

अठरा दिवस मी तुला उत्तर लिहिलं नाही. आजारी नव्हते.

साहेबांनी काही केलेलं नाही. मी केलं.

दांडी महिनाभर बिघडली होती. जाड चादर नुसती घासली तरी रोलर थांबायचा आणि परत गरम होऊन चालू व्हायला चार मिनिटं जायची. त्या दिवशी दहापर्यंत अकरा वेळा थांबला. ऑपरेशनच्या खोलीतून चादरींसाठी फोनवर फोन, आणि साहेब दारात उभे राहून घड्याळ बघतायत. बोलले काही नाहीत. मी जुन्या चादरीची एक पट्टी फाडली आणि दांडी बाजूच्या खांबाला बांधून टाकली. बांधली की तिला हात लागला तरी ती हलत नाही, मग रोलर थांबत नाही. यंत्रावरच्या दोघींना मी सांगितलं होतं, हात जपा म्हणून.

साडेदहाला त्यांतली एक चहाला गेली आणि तिच्या जागी मामी आली. मी पलीकडे धुलाई-यंत्रापाशी होते. मामीला कुणी सांगितलं नाही. मी सांगितलं नाही.

ओरडणं ऐकून मी धावले, मुख्य बटण दाबलं, तिचा हात सोडवला. सगळ्या तिला घेऊन बाहेर पळाल्या. मी मागे राहिले आणि पट्टी सोडून खिशात घातली. का सोडली ते मला अजून नीट सांगता येत नाही. हात आपोआप गेले, असं लिहिणार होते, पण तू टिंब देशील. मी सोडली. म्हणून दुसऱ्या दिवशी दहाही वेळा रोलर थांबला आणि मामी खोटी ठरली. पट्टी ठाऊक असलेल्या त्या दोघीही नोकरीच्या भीतीने बोलल्या नाहीत.

तू विचारशील, मग भाषण करायला तयार कशी झालीस. नाही म्हटलं असतं तर सगळ्यांनी का म्हणून विचारलं असतं. आणि खरं सांगू? मला वाटलं होतं, मी चांगलं बोलायला शिकले, मामीबद्दल इतकं चांगलं बोलले की त्यांचं मन पाघळलं, तर मामीही सुटेल आणि हे सांगायची वेळच येणार नाही. म्हणून तुला लिहिलं. त्या शालवाल्या बाईने बरोबर बोट ठेवलं होतं.

मी दर रविवारी मामीच्या उशाशी बसते. तिला पेज भरवते. ती म्हणते, पोरी, तुझ्यासारखी कुणी नाही.

आता काय करू?

भिंगरी


१६ मार्च

भिंगरे,

जाऊ नकोस.

आवाज बसलाय असं लिहून दे, डॉक्टरची चिठ्ठी जोड. तुम्ही हॉस्पिटलातच आहात, चिठ्ठी मिळेल. दुसरी कुणीतरी बोलेल. तुझ्या नवऱ्याची नोकरी आज आहे, उद्या नाही. तुझा बाबा माझ्याहून धाकटा पण दमा त्याला माझ्या आधी लागला, त्याचं औषधपाणी तू बघतेस. तुझी नोकरी गेली तर काय करणार आहात सगळे?

खरं बोलून घरी गेलेली पुष्कळ माणसं मी पाहिलीत. त्यांचं बोलणं मी एकही शब्द न गाळता उतरवलं. त्यानंतर त्यांना कुणी कामावर घेतलं नाही, ते उतरवायला मात्र तिथे कुणी नव्हतं.

मी तुला तुझ्या बारशापासून ओळखते. तू वाईट नाहीस. घाई होती, चूक झाली. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते मनावर घेऊ नकोस. हे पत्र वाचून फाडून टाक.

आत्या


३० मार्च

आत्या,

तुझं पत्र फाडलं नाही. चारदा वाचलं. तू घाबरू शकतेस हे मला माहीतच नव्हतं. वाचून आधी फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. चिठ्ठी मिळवलीसुद्धा. तळमजल्यावरचे डॉक्टर ओळखीचे आहेत. ‘घशाला सूज, पाच दिवस मौन.’

मग २६ला संध्याकाळी मामीकडे गेले. म्हटलं, बोलायला येता येत नाही हे तिला तोंडावर सांगावं. ती टेबलाशी बसून डाव्या हाताने सही गिरवत होती. कागदभर वाकड्या सह्या. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “बरं झालं आलीस. मी विचार केला. तो हात दांडीला लागलाच नसेल गं. एवढी माणसं म्हणतात, यंत्र म्हणतं, तर मलाच भास झाला असेल. तू समितीपुढे ते नको सांगूस. माझ्यापायी तू खोटी पडशील.”

मी चिठ्ठी पिशवीतून बाहेर काढलीच नाही. तरी तिलाही काही सांगितलं नाही. “बघते,” म्हटलं आणि आले.

आता परवाचं सांगते. वरच्या मजल्यावरची लांब खोली. टेबलापलीकडे पाच जण, मधली अध्यक्ष बाई, बारीक चष्मा. लिहून घ्यायला कुणीच नव्हतं, आत्या. काडेपेटीएवढं एक यंत्र टेबलावर ठेवलं होतं, त्यावर लाल ठिपका. डावीकडे साहेब आणि वरचे दोघे. मागे आमच्या बाराजणी. मामी आली नव्हती, तिला ते बघवणार नव्हतं.

तू शिकवलेलं सगळं उडालं. एक माणूस ठरवायचा होता, पाचांकडे एकदम बघितलं. हात कापायला लागले म्हणून काम द्यायला खुर्ची सरकवली, ती साहेबांच्या पायावर. “आई गं!” असं ते इतक्या खऱ्या आवाजात म्हणाले की मागून हसू फुटलं. आणि माझा आवाज कुजबुजा नाही, कोंबडीसारखा निघाला.

मी म्हटलं, “पट्टी मी बांधली.”

अध्यक्ष बाई म्हणाल्या, “कसली पट्टी?”

खरंच की, त्यांना पट्टी माहीतच नव्हती. मग मला सुरुवातीपासून सांगावं लागलं. दांडी, अकरा वेळा, चादरीची पट्टी, चहा, मामी, खिसा. मध्ये थांबत होते, आठवत होते. भाषण नव्हतंच ते. कागद हातात होता, घडी उघडलीसुद्धा नाही.

त्यांनी विचारलं, “बांधायला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही.”

“मग का बांधली?”

“चादरी हव्या होत्या. आणि दांडी दुरुस्त होत नव्हती. यंत्राच्या वहीत मी चारदा लिहिलंय, तारखा आहेत.”

साहेब उठले. “ही स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलतेय!”

मी म्हटलं, “नाही साहेब. माझी मी घेतलीय. वही तेवढी तुमची आहे.”

हे मी बोलले, आत्या. नक्कल करताना नाही, खरोखर साहेबांना.

वही मागवली गेली.  तेवढ्यात मागून एक आवाज आला. आमच्यात एक आहे, तिला आम्ही मुकी म्हणतो, दिवसभर तोंड उघडत नाही. ती जागेवरूनच म्हणाली, “यंत्रावरच्या आम्ही सगळ्याच बांधायचो. त्या दिवशी तिने बांधली, एवढंच.” अध्यक्ष बाई म्हणाल्या, तुम्हाला बोलायची परवानगी नाही. मुकी म्हणाली, “बरं.” पण यंत्रावरचा लाल ठिपका चालूच होता.

निकाल महिन्याने. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, औषध एक वेळ घेतलं तरी चालतं. मी म्हटलं, तसं काही करायचं नाही.

तुझी,
भिंगरी


५ एप्रिल

भिंगरे,

मी ते पत्र टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन ते परत मिळेल का म्हणून विचारलं. खिडकीवरची मुलगी काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही, पण मान हलली ती कळली. लोकांचं खरंखोटं मी चौतीस वर्षं थंडपणे टिपलं. माझ्या घरातलं आलं आणि मी तुला लपायला सांगितलं. त्याचं मला वाईट वाटतं. पण पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तसंच लिहीन की काय, याची मला खात्री नाही. तेही लिहून ठेवते.

तू कशी बोललीस त्यावर मला एकही शेरा मारायचा नाही. खुर्चीसुद्धा असू दे.

पण एक विचारायचं आहे. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात समिती आहे, साहेब आहेत, मुकी आहे. २८ला तू जे बोललीस ते मामीला कुणाकडून कळलं?

मी तुला पाच अनोळखी माणसांपुढे बोलायला शिकवत बसले, आणि जिला सांगायचं होतं तिच्यापुढे कसं बोलायचं ते राहून गेलं. मला ते येत नाही. ते येणारं माणूस माझ्या पाहण्यात आलं असेल, पण अशी बोलणी टिपायला मला कुणी बोलावलं नाही.

तू जा तिच्याकडे. भाषण लिहून मला पाठवू नकोस.

आत्या


११ मे

आत्या,

निकाल लागला. मामीवरचा ठपका पुसला. भरपाई मिळेल, आणि हात बरा झाला की टेलिफोनवर बसायचं काम. दांडी नवी बसवली. साहेबांना लेखी ताकीद. मला दीड महिना घरी बसवलं आणि प्रमुखपद काढलं. परत गेले की खाली, मळके कपडे वेगळे करायला. तिथे कुणी आपखुशीने जात नाही, वास असतो. पण नोकरी आहे. नवरा म्हणाला, “नाकाला रुमाल बांध, आणखी काय.” मुकी रोज संध्याकाळी येऊन दहा मिनिटं बसते. बोलत नाही काही.

आता तू विचारलंस ते. मामीला कळलं होतं, त्याच दिवशी, दुसऱ्या दोघींकडून. पुढच्या रविवारी मी गेले तर दार उघडलं नाही. आत खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं मला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तुझं पत्र आल्यावर मी रविवारची वाट बघितली नाही. रोज जायला लागले. पायरीवर बसायचं, तासाभराने परत. चौथ्या आठवड्यात दार उघडलं.

आत जाऊन मी उभीच राहिले. ती म्हणाली, “बोल. आता तुला बोलता येतं म्हणे.”

मी म्हटलं, “मामी, पट्टी मी बांधली होती. तुम्हाला सांगितलं नाही. नंतर सोडली, तेही सांगितलं नाही.”

“पाच परक्या माणसांना सांगितलंस,” ती म्हणाली. “माझ्या उशाशी अडीच महिने बसलीस, मला पेज भरवलीस, तेव्हा तोंड शिवलं होतं?”

 

ती खिडकीकडे वळली. मग म्हणाली, “बोटांचं सोड. बोटं काय, यंत्रावर कुणाचीही जातात. पण मला हात दांडीला लागलेला आठवत होता आणि मी रोज रात्री स्वतःलाच म्हणत होते, म्हातारे, तुझं डोकं गेलंय. हे मला तू करायला लावलंस. तुझ्या समोर मी म्हटलं, भास असेल. तू ऐकून घेतलंस.”

“हो,” मी म्हटलं.

“नुसतं हो?”

“ऐकून घेतलं, मामी. मग घरी गेले आणि जेवले.”

तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मला वाटलं आता हाकलून देईल. तसं काही झालं नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही, आणि मी माफी मागितलीही नाही.  बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्याचं पाणी वाहताना ऐकू येत होतं.

निघताना मी दाराशी चपला घालत होते, तेव्हा आतूनच म्हणाली, “गुरुवारी हात दाखवायला जायचंय. बसमध्ये एका हाताने धरून उभं राहता येत नाही मला. तीनला ये. उशीर केलास तर मी एकटी जाईन.”

आज गुरुवार आहे. पावणेतीन झालेत. पत्र जाता जाता पेटीत टाकते.

तुझी,
भिंगरी